स्मृतीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

स्मरणशक्ती तपासायच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. ते मी अभ्यास करून मिळवले होते. हे सांगायला मला फार जड जातं, म्हणून ते आधीच लिहून टाकते. पुढचं सोपं जाईल.

हे मी ज्यांच्यासाठी लिहितेय ते लोक मला चांगले माहीत आहेत. आपलं काहीतरी बिनसलंय हे त्यांना घरच्यांच्या आधी कळलेलं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून ते रोज भरपूर कष्ट घेतायत. मीही घेतले. त्या कष्टांचं काय झालं ते सांगते. आजाराची शास्त्रीय माहिती हवी असेल तर डॉक्टरांना विचारा. मी सांगितलेली चुकण्याची शक्यता आहे.

क्लास

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा क्लास. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा. गणित आणि बुद्धिमत्ता हे माझे विषय. बुद्धिमत्ता म्हणजे संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारा शब्द. मूल तिसरीत असतानाच आया विचारायला यायच्या, "बाई, पाचवीच्या बॅचला नाव घालून ठेवू का?"

दर वर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना तेच सांगायचे. हुशारी वगैरे काही नसते, सराव असतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, परत सोडवा. प्रश्न तेच असतात, कपडे बदलून येतात. आणि एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. येत नसेल तर अंदाजाने गोल काळा करा, चुकलं म्हणून गुण कापत नाहीत.

हे मी मनापासून मानत होते. पुढे जे केलं ते त्यातूनच आलं.

कोपर

मुलांची नावं विसरणं मी मोजत नाही. दर वर्षी नवीन मुलं, कोणाचीही गडबड होईल. मी मोजते ती कोपरची संध्याकाळ.

स्टेशनवरून मी पश्चिमेला उतरले, रिक्षात बसले आणि कोपरच्या आमच्या इमारतीचं नाव सांगितलं. लग्नानंतर आम्ही तिथे राहायचो. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाच ती जागा आम्ही सोडली होती. रिक्षावाल्याने विचारलं, ते पाडून टॉवर झालाय तोच ना. मी म्हटलं, तोच. फाटकाशी वॉचमनने कोणाकडे जायचंय विचारलं तेव्हा कुठे माझ्या पायाखालची फरशी मला अनोळखी वाटली. मी जुन्या शेजारणीचं नाव ठोकून दिलं. ती इथे राहत नाही म्हणाला. मी म्हटलं, बरं, फोन करून येते.

घरी आल्यावर श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं की क्लाससाठी कागदाची रिमं पश्चिमेला स्वस्त मिळतात असं कळलं, बघायला गेलेले. खोटं इतकं सफाईदार आलं की मला जरा बरंच वाटलं. डोकं तेवढं काम चोख करत होतं.

श्रीकांत एमआयडीसीतल्या रंगांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे. नमुना हातात आल्याशिवाय तो मत देत नाही. तो गप्प होता, पण नमुने गोळा करत होता हे मला नंतर कळलं. एक दिवस त्याने ठाण्याला नौपाड्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला सांगून टाकलं. मी खूप भांडले. मला वेडी ठरवायचंय का, असं विचारलं. तो म्हणाला, "ठरवायचं काही नाही. तपासायचंय." मग मी नाइलाजाने गेले.

पहिला पेपर

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी समोर एक कागद ठेवला आणि मला हायसं वाटलं. घड्याळ काढा, आकृती उतरवा, शंभरातून सात वजा करत जा, एका मिनिटात जेवढ्या आठवतील तेवढ्या भाज्या सांगा. हा तर आमचाच पेपर.

मग त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारेन म्हणाल्या. विचारले तेव्हा मला पेरू आठवला. सतरंजी आठवली. पुढे काहीच नाही, नुसती भिंत. घड्याळाचे आकडे सगळे जागेवर होते, काटे मात्र भलतीकडे गेले होते. भाज्यांमध्ये वांगं, भेंडी, बटाटा म्हणून मी थांबले. तीस वर्षं रोज सकाळी भाजी चिरणारी बाई. मागे श्रीकांतच्या खुर्चीचा आवाज झाला.

डॉक्टर काही वाईट बोलल्या नाहीत. झोप, थायरॉईड, बी-बारा, पाळी जाण्याचं वय, सगळं आधी बघू म्हणाल्या. काही महिन्यांनी हाच पेपर परत घेऊ. आणि एक विचारलं. ठाण्यातल्या त्यांच्या हॉस्पिटलात एक अभ्यास चालला होता. डोक्यावर टोपी चढवून मेंदूच्या लहरी नोंदवायच्या, त्या नोंदी कॉम्प्युटरला दाखवायच्या आणि विसरण्याचा आजार फार आधी ओळखायला त्याला शिकवायचं. अजून त्याच्या भरवशावर आम्ही कोणाला काही सांगत नाही, त्या म्हणाल्या, पण तुमच्यासारख्या लोकांच्या नोंदी आम्हाला हव्या आहेत.

'तुमच्यासारख्या' मला लागलं. पण सुई नव्हती, कापाकापी नव्हती, म्हणून मी हो म्हटलं.

परतताना मी श्रीकांतला अगदी सहज विचारलं, "ते पाच शब्द काय होते रे?"

"पेरू, विहीर, सतरंजी, जांभळा, कुलूप," तो म्हणाला. धीर देण्यासाठी म्हणाला. वर चेष्टाही केली, "कुलूप विसरलीस ते बरं झालं, दिवसातून दोनदा तेच तपासायला परत जातेस."

मी हसले आणि ते शब्द धरून ठेवले.

तयारी

मुलं गेली की मी क्लासचं दार लोटून घ्यायचे आणि फळ्यासमोर उभी राहायचे. घड्याळ काढायचं, पुसायचं. पुन्हा काढायचं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. पाच शब्द फळ्यावर लिहायचे, पुसायचे, उद्याच्या तासाचं काम करायचे आणि मग ते परत म्हणायचे. सुरुवातीला पुसलं की शब्दही जात. मी पुन्हा लिहायचे. भाज्यांसाठी वेगळी युक्ती केली, ती पुढे येईल. इंटरनेटवर अशा चाचण्यांचे व्हिडिओ असतात, तेही बघितले. आज कोणता वार, कोणती तारीख, हे विचारतात, म्हणून घरून निघताना तेही घोकायचं ठरवलं.

पोरांना मी जशी घासून घेते तशी स्वतःला घेतली. एक गोष्ट मात्र मी त्या वेळी स्वतःला विचारली नाही. पाच शब्द लक्षात ठेवायला मला इतके दिवस का लागतायत? उत्तर समोर फळ्यावर होतं आणि मी ते रोज डस्टरने पुसत होते.

टोपी

दुसऱ्या वेळी लहरींची नोंद आणि पेपर एकाच दिवशी हॉस्पिटलात होते. आदल्या दिवशी न्हाऊन या, डोक्याला तेल नको, असं सांगितलं होतं. मी शनिवारी तेल लावल्याशिवाय राहत नाही, तरी लावलं नाही. सूचना पाळण्यात मी कधीच कमी पडले नाही.

शिल्पा नावाच्या मुलीने माझ्या डोक्यावर पोहणाऱ्यांची असते तशी टोपी चढवली. तिला जागोजागी छिद्रं. मेंदीच्या कोनासारख्या नळीतून ती एकेका छिद्रात गार चिकट काहीतरी भरत गेली. समोर पडद्यावर रेषा उमटू लागल्या. पापणी हलवली की सगळ्या एकदम उडायच्या.

"काकू, आता डोळे मिटा. पण झोपू नका. दात आवळू नका."

मी डोळे मिटले आणि मनात सातचा उलटा पाढा सुरू केला. लहरी चांगल्या याव्यात म्हणून. थोड्या वेळाने शिल्पाने विचारलं, "काकू, काही करताय का? काही करू नका. नुसत्या बसा."

नुसतं बसणं मला जमेना. ज्या परीक्षेची तयारी करता येत नाही अशी परीक्षा मी आयुष्यात दिली नव्हती. डोळे मिटून, चिकट डोक्याने, मी त्या खुर्चीत अगदी उघडी पडल्यासारखी बसले होते.

मग डोकं पुसून शेजारच्या खोलीत गेले आणि पेपर दिला. पाचही शब्द. काटे बरोबर. भाज्या इतक्या की डॉक्टर लिहिता लिहिता हसायला लागल्या. पैकीच्या पैकी. बी-बाराच्या गोळ्यांनी काम केलं बहुतेक, असं त्या श्रीकांतला म्हणाल्या.

श्रीकांत हॉस्पिटलच्या पायऱ्या तरुण माणसासारखा उतरला. आम्ही मिसळ खाल्ली. त्याने शेव जास्तीची मागून घेतली, पाव अजून मागवले, आणि घाबरवलंस गं मला, असं दोनदा म्हणाला. मी हसत होते. मला खरंच आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

ईश्वरी

त्याच सुमारास मी पाचवीच्या बॅचची सराव परीक्षा घेतली. दर वेळी मी उत्तरसूची स्वतः बनवते. या वेळीही बनवली आणि पेपर तपासले. सगळ्यांना भयंकर कमी गुण पडले. आमची ईश्वरी, जिच्या पेपरावर मला लाल पेन क्वचित उघडावं लागायचं, ती तर साफ आपटली. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि हवेत गेलीस का म्हणून विचारलं. तिचे कान लाल झाले फक्त.

दुसऱ्या दिवशी तिची आई पेपर घेऊन आली. फार हळू बोलणारी बाई. "बाई, मी घरी सोडवून बघितला. तिची उत्तरं बरोबर येतायत. माझंच काहीतरी चुकत असेल."

मी पाहिलं. उत्तरसूची दुसऱ्याच पेपरची होती. मी एका पेपराची उत्तरं दुसऱ्या पेपराला लावली होती, गठ्ठाभर पेपर तपासले होते, आणि एकदाही हात थांबला नव्हता. मी म्हटलं, झेरॉक्सवाल्याने घोळ घातला. ईश्वरीला रंगीत पेन्सिली दिल्या. तिची माफी मागितली नाही.

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं होतंच. पण माझ्याकडे पैकीच्या पैकी गुणांचा दाखला होता. माणूस आपल्याच खोट्या दाखल्यावर किती टेकतो, ते मला तेव्हा कळलं. पोरांची परीक्षा जवळ येत होती आणि त्यांचं वर्ष माझ्या हातात होतं.

मशीनची चूक

डॉक्टरांनी परत बोलावलं. चेहरा हसरा होता. तुमच्या नोंदीत जरा गंमत झालीय म्हणाल्या. प्रोग्रामने माझी नोंद आजाराकडे झुकणाऱ्यांत टाकली होती. लहरी वयाच्या मानाने संथ आहेत, असं त्याचं म्हणणं.

"पण तुमचा पेपर तर उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो चुकला. अशाच चुका आम्हाला उपयोगी पडतात. आता ही नोंद निरोगी म्हणून त्याला परत दाखवू. पुढच्या वेळी अशा लहरी दिसल्या तर तो कोणाला उगाच घाबरवणार नाही. तुमची हरकत नाही ना?"

श्रीकांत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हरकत कसली? घ्या की."

एवढंच बोलले. बोलायला जागा होती, वेळ होता, डॉक्टर चांगल्या होत्या. मी नंतर चहाही प्यायले.

त्या रविवारी आमची मुलगी ऋजुता आली. ती ठाण्यातच राहते आणि अशाच कॉम्प्युटरच्या कामात आहे. श्रीकांतने दारातच तिला सांगितलं, तुझी आई मशीनपेक्षा हुशार निघाली. मी मेथी निवडत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला समजेल असं सांगायला लागली.

"मशीनला स्वतःचं डोकं नसतं गं आई. तू मुलांना देतेस ना, तसंच. लहरींची नोंद हा प्रश्न. डॉक्टरांनी लिहिलेलं, ही बाई आजारी की बरी, ते उत्तर. असे खूप प्रश्न आणि उत्तरं दाखवायची, मग ते आपलं आपण ओळखायला शिकतं. उत्तरसूची चुकीची दिलीस तर ते चुकीचंच पाठ करणार."

मेथीच्या काड्या आणि पानं एकाच ढिगात जायला लागली होती. माझ्या डोळ्यांपुढे ईश्वरीचे कान होते.

"आणि समजा," मी म्हटलं, "एखादीने अभ्यास करून पेपर दिला असेल तर?"

ऋजुता हसली. "त्याचा कोण अभ्यास करेल?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आई."

"एवढ्या नोंदींत एका बाईने काय होतंय," मी म्हटलं.

"तुला काय वाटतं, या ठाणे-डोंबिवलीत तू एकटीच अभ्यास करून गेली असशील?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी स्वतःला एकटी समजत होते. आता मला दिसायला लागल्या, नौपाड्यातल्या, कल्याणच्या, कुठल्या कुठल्या बायका आणि बाप्ये, स्वयंपाकघरात पाच शब्द घोकणारे. सगळे आपल्या लाजेपायी त्या मशीनला शिकवणार की या लहरी ठीक आहेत. आणि मग एखादी खरंच घाबरलेली बाई येईल, तयारी न करता, प्रामाणिकपणे. तिला ते सांगेल, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा.

श्रीकांत दारात उभा होता. त्याने एकच वाक्य उच्चारलं. "ते शब्द मी सांगितले होते."

मग तो दोन दिवस कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "मी शेव जास्तीची मागत होतो आणि तू हसत होतीस." मला वाटलं होतं तो फसवलंस म्हणेल, आजारावर बोलेल. त्याला ती मिसळ लागली होती.

निदान

मग ऋजुताला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पेरूपासून फळ्यापर्यंत. नजर टेबलावरच्या पेपरवेटवर ठेवली होती. त्या रागावतील अशी माझी तयारी होती.

"भाज्या तुम्ही अकारविल्हे सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "अळू, अंबाडी, कारलं, कोबी, गवार, घेवडा. मला वाटलं शिक्षिका आहेत, शिस्त असेल. मला हसूही आलेलं. विचारायला हवं होतं मी."

ती माझी युक्ती. मुळाक्षरांच्या क्रमाने पाठ केलं तर सुटत नाही. एवढी चांगली युक्ती की तिनेच मला पकडून द्यायला हवं होतं. आम्ही दोघी थोडा वेळ एकमेकींसमोर ओशाळून बसलो. मला त्यात थोडा आधार वाटला, हे खरं.

त्यांनी माझी नोंद निरोगी लोकांच्या गटातून काढली. आजाऱ्यांत टाकली नाही. नुसत्या लहरींवरून काही ठरत नाही, हे त्यांनी मला आणि ऋजुतालाही ठासून सांगितलं. मग बाकीच्या तपासण्या झाल्या. डोक्याचा स्कॅन, सुईने पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणं, मानसशास्त्रज्ञांबरोबर लांबलचक प्रश्नोत्तरं. पाठीतल्या पाण्याला मी घाबरले होते. तेवढं काही नसतं. नर्सने उशी हातात दिली, घट्ट धरा म्हणाली आणि झालंही. त्यानंतर पडून राहायचं असतं तेव्हा छताकडे बघण्याखेरीज काम नसतं. ते जड गेलं.

निदान ऐकायला आम्ही तिघे गेलो. अल्झायमरची अगदी सुरुवात. डॉक्टर शांतपणे सांगत होत्या आणि श्रीकांत औषधाची वेळ जेवणाआधी की नंतर, हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. ऋजुताने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी विचारलं, मुलांची परीक्षा होईपर्यंत शिकवू शकेन का.

"शिकवा," डॉक्टर म्हणाल्या. "पण एकट्या नको. आणि पेपर तपासू नका."

मला रडू आलं नाही. लाज आली. आजाराची लाज वाटू नये असं सगळे सांगतात, मीही दुसरीला तेच सांगेन. पण वाटते. डोक्याच्या जोरावर मी घर चालवलं, क्लास चालवला, लोकांच्या पोरांना हुशारी विकली. तेच गळतंय हे चारचौघांत सांगणं म्हणजे पदर फाटलेला घेऊन उभं राहणं. ही लाज गेली नाही. फक्त आता मी ती घेऊन बाहेर पडते.

पालक

पालकांची सभा क्लासमध्येच घेतली. लहान बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. मी आजाराचं नाव सांगितलं, सराव परीक्षेचं खरं कारण सांगितलं. माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहल आता गणित शिकवते. ती बॅच घेईल, मी तिच्याबरोबर बसेन, ज्यांना मूल काढायचं असेल त्यांनी खुशाल काढा, असं सांगितलं.

मग ईश्वरीची आई उठली.

"बाई, म्हणजे तेव्हा माझं चुकत नव्हतं ना?"

तिला फक्त एवढंच हवं होतं. झेरॉक्सचं कारण तिला पटलं नव्हतं, इतके दिवस ती घरी बसून आपलं गणित कुठे चुकलं ते शोधत होती.

"नाही," मी म्हटलं. "तुमचं नाही आणि ईश्वरीचंही नाही. माझं चुकलं होतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात, जिथे उभं केलं होतं तिथेच ईश्वरीची माफी मागितली. तिने मान हलवली आणि विचारलं, रंगीत पेन्सिली परत द्यायच्या का. वर्ग हसला. मीही हसले.

काही मुलं गेली. बरीच राहिली. मी आता आरशातल्या प्रतिमा शिकवते. तेवढं अजून हातात आहे. उत्तरसूची स्नेहल बनवते, पेपर तीच तपासते. मी मध्येच थांबले तर मुलं पुढचा शब्द देतात, आणि तो देताना एकमेकांकडे बघत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही. घरी श्रीकांतने दाराच्या आतल्या बाजूला आमचा पत्ता मोठ्या अक्षरात चिकटवायचं मनात आणलं होतं. मी म्हटलं, आतल्या बाजूला काय उपयोग, मी हरवणार ती बाहेर. तो खूप दिवसांनी हसला. पत्ता आता माझ्या पर्समध्ये आहे. कोपरचा नाही, आत्ताचा.

जे अजून लपवतायत त्यांना एवढंच सांगते. तुमची तयारी चांगली असेल यात मला शंका नाही. ती करू नका. डॉक्टरांकडे जाताना मागच्या वेळचे प्रश्न घरच्यांना विचारू नका. त्या कागदावर तुमचे गुण नसतात. तुमचा पत्ता असतो. तो चुकीचा दिलात तर मदत भलत्याच घरी जाईल.

तिसरा पेपर

गेल्या महिन्यात पुन्हा नोंद झाली. तेल न लावता गेले. शिल्पाने टोपी चढवली, गार चिकट भरलं, डोळे मिटा म्हणाली. मी काही केलं नाही. नुसती बसले. सोपं नव्हतं, पण बसले.

मग पेपर. डॉक्टरांनी या वेळी शब्द बदलले होते. मी वार घोकून आले नव्हते, तोही चुकला. भाज्या जशा आल्या तशा सांगितल्या, मध्ये एक फळही घुसलं. आणि शेवटी त्यांनी ते पाच शब्द विचारले.

एक आठवला. दुसरा थोड्या वेळाने आला. मग काही नाही. काहीतरी सांगून टाकावं असं जिभेवर येत होतं. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आले. डॉक्टर पेन धरून थांबल्या होत्या.

"आठवत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

खाली येऊन आम्ही गाडीत बसलो. तीन हात नाक्याच्या सिग्नलला बराच वेळ लागला. पेपरच्या वेळी श्रीकांत माझ्या मागच्याच खुर्चीवर बसला होता, त्याला ते पाचही शब्द माहीत होते. मी विचारले नाहीत. त्याने सांगितले नाहीत.